पदकाचे मास्तर

वादिराज नरगुंदकर धारवाडच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. पण धारवाडात किंवा हुबळीत त्यांचं घर विचारताना कोणी भूगोलाचं नाव काढत नसे. ‘पदकाचे मास्तर’ म्हटलं की टांगेवाला सरळ त्यांच्या दारात आणून सोडायचा. मी त्यांचा विद्यार्थी. पुढे त्यांचा धाकटा भाऊ दत्तात्रेय ज्या क्लबात खेळायचा, त्याच क्लबात मी उजव्या बाजूचा बॅक होतो. त्यामुळे यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. घरात जे झालं ते मला मास्तरांच्या पत्नी कृष्णाबाईंनी नंतर सांगितलं.

पदकाची गोष्ट अशी. विठ्ठलराव मुधोळकर हे धारवाडातले दिवाणीचे मोठे वकील. त्यांचा एकुलता मुलगा माधव कॉलेजात फुटबॉल खेळायचा. एकोणीसशे सत्तावीस साली विसाव्या वर्षी विषमज्वरानं तो गेला. पुढच्या वर्षी विठ्ठलरावांनी त्याच्या नावानं चांदीचं पदक सुरू केलं. हुबळीचे रेल्वेवाले आणि गिरणीवाले, धारवाडचे पोलीस, कॉलेज, आमचा क्लब असे सगळे संघ पावसाळाभर एकमेकांशी खेळायचे. त्या सबंध पावसाळ्यात जो सगळ्यांत चांगला खेळला, त्याला दसऱ्याच्या आदल्या रविवारी मैदानावरच पदक मिळायचं. विठ्ठलरावांना खेळातलं काही कळत नव्हतं आणि ते तसं मोकळेपणानं सांगायचे. “माधव खेळायचा, एवढंच मला ठाऊक,” ते मास्तरांना म्हणाले. “नाव तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तो.”

मास्तर तरुणपणी खेळले होते, गळ्याजवळचं हाड मोडलं तेव्हा खेळणं सुटलं. पण नजर शाबूत होती. प्रत्येक सामन्याला ते मैदानाच्या मधल्या रेषेवर घडीचं स्टूल टाकून बसत. धारवाडच्या पावसाला जोर नसतो, पण तो थांबतही नाही. डाव्या हातात छत्री, मांडीवर मेणकापडाचं वेष्टण घातलेली वही आणि उजव्या हातात पेन्सिल. कोणी कोणाला चेंडू दिला, कोण धावताना मागे राहिला, कोणाचा कुठला पाय कच्चा, सगळं वहीत जायचं.

आणि दसऱ्याच्या आदल्या रविवारी त्यांचं भाषण असायचं. खरं सांगतो, पदक सव्वा तोळ्याचं असेल नसेल. लोक यायचे ते भाषणाला. हुबळीहून गाडी भरून यायचे. मास्तर वही उघडत आणि त्या खेळाडूचा सबंध पावसाळा पुन्हा उभा करत. ‘हा चांगला खेळला’ असं मोघम ते कधी बोलले नाहीत. श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी चिखलात पाय रुतलेला असताना याने चेंडू कसा उचलला आणि बघणाऱ्या हजार माणसांतल्या एकाच्याही ते लक्षात का आलं नाही, असं ते सांगत. समोर उभा असलेला खेळाडू, मग तो गिरणीतला कामगार असो की कॉलेजातला, मान खाली घालून ऐकायचा. रेल्वेच्या एका गोलकीपरला मी रडताना पाहिलं आहे. स्वतः केलेल्या गोष्टी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळल्या होत्या.

दत्तू मास्तरांपेक्षा सोळा-सतरा वर्षांनी लहान. इन्फ्लुएंझाच्या साथीत आठ दिवसांत आई-वडील दोघंही गेले, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. मास्तरांचं नुकतंच लग्न झालेलं. कृष्णाबाईंनी त्याला वाढवलं, आणि पुढे त्यांना मूल झालंच नाही, म्हणून तो भाऊ कमी आणि मुलगाच जास्त होता. मास्तरांना तो ‘अण्णा’ म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. भूगोलात तो कच्चा होता. चेंडू मात्र त्याच्या पायाला असा चिकटून राहायचा, की समोरचा बॅक त्याच्याकडे न बघता रेफ्रीकडे बघायचा, काही लबाडी आहे का म्हणून. बुटाशिवाय खेळायचा. घोट्याला फडकं बांधलेलं, बाकी पाय उघडे.

बत्तीस सालच्या पावसाळ्यात तो आमच्या क्लबाचा लेफ्ट-इन म्हणून, पुढच्या फळीत डावीकडे, खेळू लागला. त्या वर्षी पदक गिरणीच्या सेंटर हाफला गेलं आणि ते बरोबरच होतं. दत्तू एकोणीस वर्षांचा, अजून घाई करायचा. पुढच्या वर्षी पदक पोलिसांकडे गेलं तेव्हा मात्र लोकांत कुजबुज झाली. आमच्या क्लबातले काही जण चिडले. दत्तू त्यांना म्हणाला, “अण्णांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पुढच्या वर्षी बघू.”

ते पुढचं वर्ष म्हणजे चौतीस साल. त्या वर्षी तो जसा खेळला, तसा खेळणारा माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. हुबळीचे लोक स्वतःच्या संघाविरुद्ध त्याच्या नावानं ओरडायचे. “होडि, दत्तू, होडि!” असा कानडीत गलका व्हायचा, मार, मार म्हणून. सामना संपला की गिरणीतले कामगार त्याला खांद्यावर घेऊन स्टेशनापर्यंत न्यायचे. यंदाचं पदक कोणाचं, हा प्रश्नच कोणी विचारत नव्हतं.

भाद्रपद संपता संपता विठ्ठलराव स्वतः टांगा करून मास्तरांच्या घरी आले. कृष्णाबाई आतल्या खोलीत उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या.

“मास्तर, यंदा दत्तूच ना?” विठ्ठलरावांनी विचारलं.

“तो माझा भाऊ आहे, रावसाहेब.”

“म्हणून काय त्यानं वाईट खेळायचं?”

“लोक म्हणतील, घरातल्या घरात पदक ठेवून घेतलं.”

“लोक तर उलटच म्हणताहेत. कोर्टातले शिपाईसुद्धा मला विचारतात. बरं, तुम्हाला अवघड वाटत असेल तर यंदापुरते बाजूला व्हा. मी दोन्ही गावांच्या कप्तानांना बोलावतो आणि विचारतो. भाषण मीच वाचीन, चार ओळी. तुमचा संबंधच नको.”

यात काहीच अडचण नव्हती. मास्तरांनी हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच सुटलं असतं. पण ते म्हणाले, “उद्या सांगतो.” आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिपायाबरोबर त्यांनी चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत नाव होतं लक्ष्मणचं, हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपातल्या फिटरचं.

चिठ्ठी गेल्यावर कृष्णाबाईंनी विचारलं, “तुम्हाला एक वर्ष बाजूला व्हायला काय झालं होतं?”

मास्तर म्हणाले, “सहा वर्षं मी निवडतोय. एकदा बाजूला झालो की पुढच्या वर्षी मला कोणी विचारेल कशावरून?”

कृष्णाबाई मला म्हणाल्या, “वेंकू, हे खरं कारण. लोक काय म्हणतील वगैरे नंतरचं. त्यांनी माझ्यापाशी ते एकदाच कबूल केलं, पुन्हा कधी नाही.”

समारंभ झाला. मास्तर भाषणाला उभे राहिले आणि लक्ष्मणच्या खेळाबद्दल नेहमीसारखं बोलू लागले. लक्ष्मण चांगला खेळाडू होता, भाषणातलं काही खोटं नव्हतं. पण लोक ऐकत नव्हते, दत्तूकडे बघत होते. दत्तू आमच्यात उभा होता, हाताची घडी घालून. लक्ष्मणनं पदक घेतलं, विठ्ठलरावांना नमस्कार केला आणि मास्तरांकडे न बघताच खाली उतरला. मला तेव्हा ओरडून काही तरी म्हणावंसं वाटलं होतं. आम्ही अकराच्या अकरा जण ओरडलो असतो तर कदाचित काही झालं असतं. पण ते आमचे मास्तर होते. आम्ही गप्प बसलो.

सोमवारी संध्याकाळी लक्ष्मण हुबळीहून मुद्दाम आला. मी तेव्हा दत्तूकडेच बसलो होतो. लक्ष्मणनं रुमालात बांधलेलं पदक काढून कट्ट्यावर ठेवलं.

“हे तुझं आहे, दत्तू. मला घरात ठेवायला लाज वाटते.”

“तू चांगला खेळलास की,” दत्तू म्हणाला. “आमच्याविरुद्ध तू मला हाफटाइमपर्यंत हलू दिलं नव्हतंस. ने ते. तुझ्या आईला दाखव.”

त्यानं ते पुन्हा रुमालात बांधून लक्ष्मणच्या खिशात घातलं आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलं. मला वाटलं, याला फारसं लागलेलं दिसत नाही.

दोन दिवसांनी मास्तर शाळेत गेलेले असताना दत्तूनं फळीवरून त्यांच्या वह्या काढल्या. आजवर त्या वह्यांना घरात कोणी हात लावला नव्हता. बत्तीस, तेहतीस आणि चौतीस, तिन्ही सालांच्या वह्या त्यानं जमिनीवर मांडल्या आणि पहिल्या पानापासून वाचायला बसला. कृष्णाबाईंनी दोनदा जेवायला बोलावलं; तो उठला नाही.

मास्तर घरी आले, कोट खुंटीला लावला, तेव्हा तो तसाच बसला होता.

“अण्णा, तुमच्या वहीत मी नाही.”

मास्तर वाकून उघड्या वहीकडे बघू लागले.

“यंदाचा गिरणीविरुद्धचा सामना. पहिला गोल नारायणनं केला, दुसरा वेंकूच्या पासावरून शंकरनं केला. आणि पुढे लिहिलंय, ‘तिसरा गोल झाला.’ चौथाही ‘झाला’. कोणी केला?”

“दत्तू, मी मुद्दाम लिहिलं नाही. उद्या कोणी वही मागितली तर भावाचं कौतुक करून ठेवलंय असं दिसायला नको.”

“कौतुक नको होतं. चूक तरी लिहायची. पोलिसांच्या सामन्यात मी दोन सोपे गोल घालवले. मोकळं गोलपोस्ट समोर असताना. तेही नाहीत.” त्याचा आवाज चढला नव्हता. “तीन पावसाळे तुम्ही स्टुलावर बसलेले मला दिसायचे. पेन्सिल हलताना दिसली की मला वाटायचं, अण्णांनी ते लिहून घेतलं.”

त्यानं वह्या नीट एकावर एक ठेवल्या, फळीवर ठेवून दिल्या आणि जेवायला बसला.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्याला बोलवायला गेलो तेव्हा तो अळणावरला निघाला होता. तिथल्या सागवानाच्या डेपोत कारकुनाची जागा मिळाली होती. पगार बेताचा, गाव जंगलाच्या तोंडाशी, हिवताप घरोघर. धारवाडात त्याला याहून बरी नोकरी मिळाली असती. मास्तर स्टेशनवर पोचवायला गेले. भांडण असं कधी झालंच नाही. दत्तू दिवाळीला यायचा, आई-वडिलांच्या श्राद्धाला यायचा, वहिनींना जंगलातला मध आणायचा. शकुंतला नावाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं तेव्हा मास्तरांनी सगळं पुढे होऊन केलं. फक्त फुटबॉलचा विषय त्या घरातून गेला. आणि अळणावरहून येणाऱ्या लोकांकडून कळायचं, की तिथल्या पोरांनी कितीदा विनवलं तरी दत्तू कधी चेंडूला पाय लावत नाही.

मास्तर त्यानंतरही सहा वर्षं नाव सांगत राहिले. भाषणंही केली. पण हुबळीची गाडी आता भरून येत नव्हती. चाळीस साली विठ्ठलराव वारले, वर लढाई चालू होती, संघांतली निम्मी माणसं पांगली. पदक बंद पडलं ते पडलंच.

सेहेचाळीस साली हुबळीच्या एका जुन्या क्लबाला पंचवीस वर्षं झाली. त्यांचा एक अंक निघणार होता. ‘मी पाहिलेले खेळाडू’ या विषयावर मास्तरांनी लिहावं, असं पत्र आलं. मी तोवर हुबळीला कोप्पीकर रोडवर वकिलीची पाटी लावली होती. एका रविवारी मास्तर माझ्याकडे आले. पन्नाशीतच फार म्हातारे दिसू लागले होते. जिना चढून आल्यावर ते बराच वेळ नुसते बसून राहिले.

“वेंकू, लेख लिहितोय,” ते म्हणाले. “सगळ्यांचं लिहून झालं. लक्ष्मणवर तीन पानं झाली. आता दत्तूवर लिहायचंय. चौतीस सालचा गिरणीचा सामना तुला आठवतो? त्यातला तिसरा गोल?”

“आठवतो की,” मी म्हटलं.

“सांग बरं.”

मी सांगायला लागलो आणि अडखळलो. दत्तू डावीकडून गेला होता की मधून? त्यानं दोघांना चुकवलं होतं की तिघांना? मला त्या वेळचा आरडाओरडा आठवत होता, अंगावर उडालेला तांबडा चिखल आठवत होता. गोल आठवत नव्हता. मी त्याच मैदानावर होतो, पन्नास पावलांवर.

“मलाही तेवढंच आठवतं,” मास्तर म्हणाले. “नारायणचा पहिला गोल मी तुला मिनिटासकट सांगतो. तो लिहिलेला आहे.” मग म्हणाले, “माझ्याबरोबर अळणावरला येशील? एकट्याच्यानं होणार नाही.”

आम्ही पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं गेलो. दत्तू स्टेशनवर आला होता. अंगानं सुटला होता, कानाशी केस पांढरे. शकुंतलाबाईंनी आल्या आल्या अप्पे आणि चटणी पुढे ठेवली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मास्तरांना विषय काढता येईना. शेवटी त्यांनी क्लबाचं पत्र खिशातून काढून दत्तूच्या हातात दिलं.

दत्तूनं वाचलं. “मग लिहा की.”

“तुझ्यावर लिहायचंय. चौतीस सालचं सांग. तुला जे आठवतं ते.”

दत्तू बाहेर बघत राहिला. डेपोच्या दिशेनं ओंडक्यांनी भरलेली एक बैलगाडी चालली होती.

“पाय फुटायचे ते आठवतं,” तो म्हणाला. “वहिनी हळद आणि तेल लावायच्या.”

“खेळाचं सांग, दत्तू.”

“नाही आठवत, अण्णा.”

“एखादा तरी गोल. गिरणीचा तिसरा.”

“मी इथे आलो तेव्हा रोज आठवायचे. झोपताना, कामावर, हिशेब लिहिताना. वेड लागेल असं वाटायचं. मग मी ते मुद्दाम विसरायला लागलो, एक एक करून. दोन वर्षं लागली. आता तुम्ही मागताय तर मी कुठून आणू?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. मास्तरांनी हात पुढे करून क्लबाचं पत्र परत घेतलं. मग ते म्हणाले, “माझं चुकलं.”

मला वाटलं, आता दत्तू म्हणेल, जाऊ द्या अण्णा, जुनी गोष्ट. माणसं तसंच म्हणतात. दत्तूनं त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाला, “हो. चुकलं तुमचं.”

त्यात राग नव्हता. त्यानंतर तो उठला, मास्तरांसाठी पाट मांडला आणि शकुंतलाबाईंना पानं घ्यायला सांगितलं. जेवताना त्यानं मास्तरांना आग्रह करून दोनदा भात वाढला. गाडीत बसल्यावर मास्तर मला म्हणाले, “खोटं बोलला नाही. बरं केलं.”

लेख छापून आला. सतरा खेळाडूंवर लिहिलं होतं, प्रत्येकाचा खेळ डोळ्यांसमोर उभा राहील असं. शेवटी वेगळ्या परिच्छेदात दोन ओळी होत्या. ‘माझा धाकटा भाऊ दत्तात्रेय हा या सर्वांहून श्रेष्ठ होता. त्याचा खेळ मी लिहून ठेवला नाही, त्यामुळे आज मला त्याविषयी काही सांगता येत नाही.’ अंक मास्तरांनी स्वतः टपालानं अळणावरला पाठवला. पोचल्याचं पत्र येईल म्हणून ते पोस्टमनची वाट बघत, असं कृष्णाबाई सांगायच्या. दिवाळीला दत्तू आला. त्यानं विषय काढला नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मास्तर गेले. शाळेतून आले, दमल्यासारखं वाटतंय म्हणून आडवे झाले, एवढंच. अग्नी दत्तूनंच दिला. तेराव्यानंतर त्यानं घर भाड्यानं लावायचं ठरवलं आणि वहिनींना अळणावरला न्यायला निघाला. मी स्टेशनवर गेलो होतो. ट्रंका चढवून झाल्या, गाडीला अजून वेळ होता. आम्ही डब्याशी उभे राहिलो.

“ये कधी तिकडे,” दत्तू म्हणाला. “पावसाळ्यात ये. आता आमच्या डेपोची पोरं चांगलं खेळायला लागलीत म्हणतात.”

“म्हणतात? तू बघत नाहीस?”

“मैदान वाटेवरच आहे. पण डेपोला जायला दुसरी वाट आहे. जरा लांब पडते.”

एवढ्यात कृष्णाबाईंनी खिडकीतून तांब्या पुढे केला. “वेंकू, तेवढं पाणी भरून आण रे.” नळावर गर्दी होती. मी तांब्या घेऊन परत येईपर्यंत गाडी हलली होती. मी धावत जाऊन तो खिडकीत दिला, निम्मं पाणी माझ्या बाहीवर सांडलं. दत्तूनं तो माझ्या हातून घेतला आणि वहिनींजवळ ठेवला.